पाण्यावरची माणसाची सावली : फोटो काढताना काय जमतं, काय बिघडतं

कवडसा

या विषयावरचे प्रश्न बऱ्याच धाग्यांवर विखुरलेत, म्हणून हा एक वेगळा धागा. सुरुवात मुळापासून करतो, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

स्वच्छ आणि खोल पाण्यावर सावली पडतच नाही. भिंतीवर ती दिसते, कारण भिंत अंगावर आलेला प्रकाश चहूकडे विखुरते आणि जिथे प्रकाश पोचत नाही तो भाग काळा राहतो. पाण्याचा पृष्ठभाग प्रकाश विखुरत नाही. थोडा आरशासारखा परत पाठवतो, बाकीचा आत घेतो. त्यामुळे सावलीला टेकायला दुसरं काहीतरी लागतं : उथळ पाण्याचा फिकट तळ, किंवा पाण्यातला गढूळपणा, किंवा वर तरंगणारा फेस, शेवाळ, पाचोळा. जागा निवडताना पहिला प्रश्न हाच, की सावली नक्की कशावर पडणार आहे?

दुसरा घोळ प्रतिबिंबाचा. 'पाण्यावरची सावली' म्हणून टाकलेले पुष्कळ फोटो खरं तर काळ्या प्रतिबिंबाचे असतात. ओळखायला सोपं आहे. जागा बदलून पाहा. प्रतिबिंब तुमच्याबरोबर सरकतं आणि कायम माणसाच्या खाली तुमच्या बाजूला येतं. सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते आणि तुम्ही कुठूनही पाहिलं तरी तळावर तिथेच राहते.

सूर्याची उंची आणि सावलीची लांबी (सपाट पृष्ठभागावर, माणसाच्या उंचीच्या पटीत) : ६० अंशांवर ०.५८ पट, ४५ वर बरोबर १ पट, ३० वर १.७३, २० वर २.७५ आणि १० वर ५.६७. हात ताठ समोर धरून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, क्षितिजापासून मुठी मोजत जा. मात्र मोजताना नजर सूर्याच्या बाजूच्या झाडावर किंवा खांबावर ठेवा, थेट सूर्याकडे नको.

माझ्या मते २५ ते ५० अंश हा कामाचा पट्टा. त्याखाली सावली लांबलचक आणि नाट्यमय होते खरी, पण पाणी प्रकाश आत घ्यायला कुरकुरतं. सूर्य डोक्यावर असताना पृष्ठभागावरून साधारण २ टक्के प्रकाश परततो, ३० अंशांवर ६ टक्के, १० अंशांवर मात्र सुमारे ३५ टक्के. तळावर ऊनच कमी पोचलं तर सावली उठणार कशी?

रेतीघड्याळ

उत्तम धागा. एक शंका. पुलावरून खाली पाण्यात पडलेली सावली कायम पुसट येते. फोकस बरोबर असतो, शटर १/५०० सेकंद असतो, पाणी गढूळ म्हणजे सावली धरणारं असतं. तरी डोकं म्हणजे नुसता धुरकट ठिपका, आणि बोटं तर गायबच. हे लेन्सचं काम की हवेचं?

अर्धछाया

दोन्हीचं नाही, सूर्याचं. सूर्य बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाहून किंचित मोठी दिसते. त्यामुळे सावलीच्या कडेला अर्धवट उजेडाचा एक पट्टा तयार होतो. त्याची रुंदी म्हणजे वस्तूपासून सावलीपर्यंतचं किरणाच्या वाटेवरचं अंतर भागिले १०८. हा एक आकडा पाठ करून ठेवावा असा आहे.

२ मीटरवर कड २ सेंमीच्या आसपास पसरते. १० मीटरवर ९ सेंमी. आता पूल १२ मीटर उंच आणि सूर्य ४० अंशांवर धरा. तिरपं अंतर भरतं जवळजवळ १९ मीटर, म्हणजे कडेचा पट्टा १७ सेंमी. माणसाचं डोकंच १५-१६ सेंमी रुंद! म्हणजे डोक्याच्या सावलीत पूर्ण काळा भाग उरतच नाही. हाच हिशेब उलटा केला तर : बोटाची गडद सावली दीड-दोन मीटरपर्यंत टिकते, ८ सेंमीच्या दंडाची साडेआठ मीटरपर्यंत, धडाची ४० मीटरपर्यंत.

उपाय दोन. एक तर खाली या : पाण्यालगतची पायरी, होडीचा काठ, बुटका बांध. नाहीतर आकार मोठा करा : उघडी छत्री, पसरलेला दुपट्टा, हात धरून उभी असलेली चार माणसं. पुलावरूनच काढायचं असेल तर चौकट रुंद ठेवा. १० मीटर रुंदीच्या चौकटीत १७ सेंमीची धूसर कड डोळ्याला खुपत नाही, २ मीटरच्या चौकटीत तीच फोटो खाते.

तिरपा किरण

आता पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा, लेन्ससमोर फिरवायचा फिल्टर (सीपीएल). तळावरच्या सावलीला सीपीएल लागतोच असं मी म्हणेन, कारण आकाशाचं पांढरं प्रतिबिंब त्या सावलीवर दुधासारखं पसरलेलं असतं.

पण फिल्टर लावला की काम झालं, असं नाही. पाण्यावरून परतणारा प्रकाश पूर्णपणे कापला जातो तो एकाच कोनाला : उभ्या रेषेपासून ५३ अंश, म्हणजे कॅमेरा क्षितिजाखाली ३७ अंश झुकलेला. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल तर तुमच्यापासून २ मीटरवरचा पट्टा. ५ मीटर उंचीवरून साडेसहा मीटरवरचा. सावली त्या पट्ट्यात येईल अशी माणसाची जागा ठरवा, मग फिल्टर फिरवा. तळ एकदम उघडा पडतो तो क्षण पकडा.

वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर हा खेळ फसतो. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २४ मिमीची आडवी चौकट खालपासून वरपर्यंत ५३ अंश व्यापते. त्यात मधला पट्टा स्वच्छ, वरचा भाग चकाकता राहतो आणि फोटो दोन तुकडे जोडल्यासारखा दिसतो. ५० ते ८५ मिमी चांगलं. सरळ खाली पाहून काढत असाल तर सीपीएल काढून ठेवा. तिथे तो काही कापत नाही आणि दीड स्टॉप प्रकाश मात्र खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

एक्स्पोजरचा अंदाज : स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सचं छिद्र, आकडा वाढला की लहान), शटर १/४०० सेकंद. सीपीएल लावल्यावर १/१२५ च्या आसपास. कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका. लाटांवरची एखादी चमक त्याला घाबरवते आणि सगळा फोटो काळवंडतो, तर कधी चौकटीत सावलीच मोठी असली की तो उगाच उजळ करून तिला राखाडी करतो. मॅन्युअलवर ठेवा, तळाच्या उजळ वाळूचा भाग हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या टोकाला टेकणार नाही एवढं पाहा.

बिनभिंगाचा

फोकसबद्दल कुणी बोललं नाही. एकाच चौकटीत तीन वेगळी अंतरं असतात : पृष्ठभागावरच्या सुरकुत्या, तळावरची सावली आणि प्रतिबिंबातलं आकाश, जे अनंतावर असतं. ऑटोफोकस हमखास प्रतिबिंबातल्या ढगाच्या किंवा फांदीच्या कडेवर जाऊन बसतो, कारण सावलीच्या मऊ कडेपेक्षा ती ठसठशीत असते. मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं चित्र) मोठा करून तळावरच्या एखाद्या खड्यावर. तिरपा किरण यांच्या उदाहरणातलं तिरपं अंतर अडीच मीटर येतं. ५० मिमी, एफ ८ ला तिथे फोकस केला तर साधारण २ ते ३.३ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट राहतं. त्याहून लांब सावली हवी तर एफ ११.

कवडसा

@बिनभिंगाचा, बरोबर. पट्टीने मोजून फोकस लावणाऱ्यांसाठी भर : ४० सेंमी खोल तळ वरून ३० सेंमीवर असल्यासारखा दिसतो. लेन्सलाही तो तिथेच दिसतो.

ओलेती शाई

पाणी हलत असेल तर एनडी (प्रकाश कमी करणारा काळा फिल्टर) लावून शटर लांबवावा, सावली गुळगुळीत होते, असं सगळीकडे सांगतात. सहमत का?

अर्धछाया

अर्धाच सहमत. उथळ पाण्यावर बारीक तरंग असले की प्रत्येक तरंग भिंगासारखा वागतो आणि तळावर उजेडाच्या रेघांचं जाळं हलत राहतं. सावलीच्या आत थेट ऊन नाही, त्यामुळे तिथे जाळं नाही. म्हणजे झटपट शटरच्या फोटोत सावली काळेपणावरून कमी आणि जाळ्याच्या अभावावरून जास्त ओळखू येते. माणसाच्या आकाराचं एक शांत भोक. याच्याइतकं सुंदर दुसरं काही या विषयात नाही, आणि ते १/५०० किंवा त्याहून वेगवान शटरलाच मिळतं. तुम्ही एनडी लावून नेमकं तेच पुसून टाकता.

लांब शटरने जाळं सपाट होतं खरं, पण कडही सरासरीत विरघळते. किती ते खोलीवर. तरंगाचा उतार १० अंश असेल तर पाण्यात किरण अडीच अंश वळतो. २० सेंमी खोलीवर सावलीची कड जेमतेम १ सेंमी इकडेतिकडे होते, १ मीटर खोलीवर ४-५ सेंमी. आणि ती वळणार दोन्ही बाजूंना, म्हणजे दुप्पट.

तिरपा किरण

गढूळ पाण्याच्या बाबतीत मात्र लांब शटरच बरा. तिथे जाळं नसतंच, नुसती पृष्ठभागावरची चकचक असते आणि ती सरासरीत निघून जाते. एफ ८, सीपीएलसह १/१२५ असेल तर ६ स्टॉपचा एनडी लावून अर्धा सेकंद मिळतो. १० स्टॉपचा लावला तर ८ सेकंद, तेवढा वेळ कुणी पुतळ्यासारखं उभं राहत नाही. डोकं आणि हात डुलतात, पाय स्थिर राहतात, परिणामी कमरेखाली ठसठशीत आणि वर धूर. बसलेल्या किंवा कठड्याला टेकलेल्या माणसाचं २ सेकंदांपर्यंत जमून जातं.

रेतीघड्याळ

@अर्धछाया, '१०८' साठी मनापासून आभार. आता पुढचा प्रश्न. माणूस पाण्यात उभा असेल तर सावली पाण्याच्या रेषेपाशी तुटलेली दिसते. ते दोषासारखं वाटतं.

अर्धछाया

तुटणारच. पाण्यात शिरताना किरण खाली वळतो. सूर्य ३० अंशांवर असेल तर हवेत तो उभ्या रेषेपासून ६०वर असतो, पाण्यात ४०च्या थोडा वर. गुडघाभर, ५० सेंमी पाण्यात बुडालेल्या पायाची तळावरची सावली वळण नसतं तर ८७ सेंमी पडली असती, प्रत्यक्षात ४३ च पडते. सूर्य कितीही खाली गेला तरी पाण्यातला किरण उभ्या रेषेपासून ४८-४९ अंशांपलीकडे झुकतच नाही.

शिवाय पायाभोवती पाणी किंचित वर चढून चिकटतं. ती वाकलेली कडा प्रकाश बाजूला फेकते, त्यामुळे सावलीत पृष्ठभागाच्या जागी एक उजळ खाच दिसते. काठी अर्धी बुडवून पाहा, लगेच कळेल. नको असेल तर माणसाला कोरड्या दगडावर किंवा काठावर उभं करा आणि सावलीच तेवढी पाण्यात जाऊ द्या. मी तर ती खाच ठेवीन.

छबीदार

सगळे प्रकाशाचंच बोलताय, आकाराचं कुणीतरी बोला. सावली म्हणजे सूर्याला दिसणारी तुमची बाह्यरेखा, एवढं लक्षात ठेवलं की पोज आपोआप सुचते. सूर्याकडे पाठ किंवा तोंड करून उभं राहिलं की चेहऱ्याचा भोपळा होतो. नाक, ओठ, हनुवटी हवी तर खांदा सूर्याकडे, चेहरा ९० अंशांत. हात अंगापासून वीतभर लांब, कोपर आणि कमर यांच्या मधून ऊन गेलं पाहिजे. पायांमध्ये अंतर. बोटं फाकलेली, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे हात पाण्यापासून दीड मीटरच्या आत. सैल कुर्ता, जॅकेट, पाठीवरची सॅक यांनी माणसाचं पोतं होतं. साडीचा पदर मात्र वाऱ्यावर सुटला तर सोनं!

सूर्य खाली असताना पाय लांब आणि डोकं चिमुकलं दिसतं, कारण डोकं कॅमेऱ्यापासून दूर पडतं. कॅमेरा डोक्याच्या सावलीच्या बाजूला नेला की प्रमाण उलटं होतं. दोन्ही वापरून पाहा.

छायाचित्रकाराची स्वतःची सावली चौकटीत घुसते ही नेहमीची रड. सूर्य तुमच्या उजव्या किंवा डाव्या खांद्यावर ठेवा. तरी घुसलीच तर ट्रायपॉड खाली घ्या, रिमोट लावा आणि बाजूला व्हा.

बिनभिंगाचा

अवांतर, पण याच संदर्भात : कधीकधी ती स्वतःची सावलीच हवी असते. गढूळ आणि किंचित हलत्या पाण्यावर उंचावरून स्वतःची सावली पाहिली तर डोक्याभोवती किरणांची प्रभावळ फुटलेली दिसते. तरंगांमधून पाण्यात शिरलेले उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे प्रत्यक्षात समांतर असतात, रेल्वेच्या रुळांसारखे दूर एका बिंदूत मिळाल्याचा भास होतो. तो बिंदू म्हणजे पाहणाऱ्या डोळ्याची सावली. शेजारी उभ्या माणसाला ती प्रभावळ त्याच्या स्वतःच्या डोक्याभोवती दिसते, तुमच्या नाही.

फोटोत डोळा म्हणजे लेन्स. कॅमेरा छातीशी धरला तर किरण सावलीच्या छातीतून फुटतात आणि सगळी मजा जाते. कॅमेरा चेहऱ्याला चिकटवा, कोपरं आत घ्या, म्हणजे किरण डोक्यातून निघतील. शटर १/२५० किंवा अधिक, नाहीतर किरण पुसले जातात. सूर्य बराच वर आणि पाणी खोल हवं. तळ दिसत असेल तर प्रभावळ हरवते.

ओलेती शाई

हे घरात, ट्रेमध्ये करता येईल का? ऊन आणि वारा दोन्हींच्या नादी लागायचं नाही.

छबीदार

येईल. पूर्ण माणूस नाही, पण हात, चेहऱ्याची बाजू, खांद्यापर्यंतचा भाग. ६० बाय ९० सेंमीचा ट्रे, पाणी ४ सेंमी. हे २२ लिटरच्या आसपास होतं, म्हणजे तेवढेच किलो. टेबल डुगडुगत असेल तर जमिनीवरच मांडा, नाहीतर पाणी कधीच स्थिर होणार नाही. पांढरा तळ असेल तर नितळ पाणी पुरतं. काळा तळ आणि धुक्यासारखी सावली हवी असेल तर दूध : १० लिटरला एका चहाच्या चमच्याने, म्हणजे ५ मिलीने सुरुवात करा, ढवळा, थांबा, पाहा, मगच वाढवा. जास्त झालं की पाणी पांढऱ्या कागदासारखं सपाट होतं आणि खोली जाते. पोस्टर रंग घातला तर तो तळाशी बसतो. काम झालं की लगेच ओता, दूध नासतं. नदी-तळ्यात असं काही मिसळू नका.

दिव्याचं गणित वरच्यासारखंच : कडेची रुंदी = दिव्याचा आकार गुणिले हातापासून पाण्याचं अंतर, भागिले दिव्यापासून हाताचं अंतर. ५ सेंमीचा उघडा दिवा ४ मीटरवर आणि हात पाण्यापासून १ मीटरवर असेल तर कड सव्वा सेंमी. त्याच जागी ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवणारी पेटी) लावला तर १५ सेंमी, म्हणजे हाताची सावली संपली. डिफ्यूझर काढा, छतावरून उजेड परतत असेल तर काळं कापड लावा. स्वस्त एलईडी दिवा वेगवान शटरला पट्टे पाडतो, तेव्हा उघडा फ्लॅश बरा. तारा जमिनीवरून उचलून बांधा, स्टँडच्या पायावर वजन ठेवा. पाण्याजवळ शक्यतो बॅटरीवर चालणारीच उपकरणं वापरा.

तरंग हवा असेल तर बोटाने एकदा टेकवा आणि लगेच काढा. ट्रेच्या भिंतींवर आपटून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या की नुसता गोंधळ दिसतो, म्हणून पहिल्या वर्तुळातच फोटो घ्या आणि पुढच्या वेळी पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबा.

रेतीघड्याळ

मोबाइलवाल्यांसाठी काही?

तिरपा किरण

एचडीआर (वेगवेगळे एक्स्पोजर जोडून उजेड-काळोखातला फरक कमी करणारी सोय) बंद. तो सावली उजळवण्यासाठीच बनवलाय, इथे तो शत्रू. तळावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. मुख्य कॅमेऱ्याऐवजी २ किंवा ३ पटीची लेन्स असेल तर ती घ्या, कारण मुख्य लेन्स वाइड असते. सीपीएल नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवा. रंगाची झाक येते, पण रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं तर निघते.

ओलेती शाई

एडिटिंगमध्ये सावलीला निळी झाक येते ती काढावी का?

कवडसा

ती चूक नव्हे. सावलीच्या जागी सूर्य नाही, फक्त निळं आकाश उजेड टाकतंय. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) डेलाइटवर, ५२००-५५०० केल्व्हिनला बांधून ठेवा. ऑटोवर सोडला तर सावली चौकटीत जितकी मोठी तितका तो पिवळा ओततो आणि शेजारशेजारचे दोन फोटो वेगळ्या दिवसांचे वाटतात.

कृष्णधवल करताना हीच निळी झाक उपयोगी पडते : निळ्याची पट्टी खाली, पिवळ्याची वर. वाळू उजळते, सावली गडद होते आणि कॉन्ट्रास्ट ओढायची गरज उरत नाही. डिहेझ (धुरकटपणा काढणारी पट्टी) जपून. तळाचा प्रत्येक खडा वर येतो आणि माणूस खड्यांत हरवतो.

फोटो १८० अंशांत उलटा करून सावली 'उभी' करणं ही जुनी युक्ती आहे, चांगली दिसते. पण चौकटीत पाय किंवा काठ असेल तर तो वरून लटकतो, म्हणून काढतानाच पाय बाहेर ठेवा. स्पर्धेला पाठवताना नियम वाचा.

बिनभिंगाचा

ओल्या वाळूचा मुद्दा राहिला. लाट परतल्यावर वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो, तेवढ्या वेळात प्रतिबिंब आणि सावली दोन्ही एकत्र मिळतात. पायापासून प्रतिबिंब एका दिशेला, सावली दुसऱ्या. काही सेकंदांत पाणी जिरतं, आरसा विझतो आणि सावलीच उरते, म्हणून लाट परतायला लागली की बर्स्ट (सलग फोटो) सुरू करा. इथे सीपीएल पूर्ण फिरवू नका, प्रतिबिंबच कापलं जाईल. अर्धवट ठेवा.

छबीदार

आणि ट्रायपॉडचे पाय आधीच वाळूत चांगले रोवा. प्रत्येक लाट पायाखालची वाळू थोडी ओढून नेते, ट्रायपॉड एका बाजूला खचतो आणि दहाव्या फोटोपर्यंत चौकट कलते. दर दोन-तीन लाटांनी लेव्हल पाहत राहा. नंतर पायांचे सांधे गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर मिठाने पेच आवळतात.